लिंबू कुठं जातं ते बघू

आमच्या शेजारच्या काकांच्या कोटाच्या डाव्या खिशात बारा महिने एक लिंबू असायचं. त्या वजनानं कोट एका अंगाला झुकलेला, आणि कोटापायी की काय, काकाही थोडे तिकडंच कललेले. मी लग्न होऊन खालापूरला आले तेव्हा मला वाटलं, यांना भोवळ येत असेल, हुंगायला ठेवत असतील बिचारे. मी काकूंना विचारलं तर त्या हसल्या. "ते माणसांसाठी नाही गं," म्हणाल्या, "घरांसाठी आहे."

कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की चहा यायच्या आधी काका खिशातून लिंबू काढायचे, वाकून जमिनीवर ठेवायचे आणि अलगद सोडून द्यायचे. "लिंबू कुठं जातं ते बघू," एवढंच म्हणायचे. लिंबू गडगडत जाऊन एखाद्या भिंतीला टेकलं की त्या भिंतीकडं बघून मान हलवायचे. मग लिंबू उचलून, धोतराला पुसून पुन्हा खिशात. यजमान बिचारा तोंडात बोट घालून बघत राहायचा. लिंबू सुकायला लागलं की ते आमटीत पिळलं जायचं आणि खिशात नवं यायचं. माझ्या सासूबाई एकदा चार दिवस राहायला आल्या होत्या. त्यांनी हा प्रकार पाहिला आणि मला आत बोलावून सांगितलं, या माणसाच्या हातचं काही खाऊ नकोस.

काका गवंडी नव्हते की सुतार नव्हते. कचेरीच्या पडवीत चटई टाकून ते लोकांचे दस्त लिहून द्यायचे. घरजमिनीची खरेदी, गहाण, वाटणी, काय असेल ते. अक्षर मोत्यासारखं, पण गिऱ्हाईक टिकेल तर शपथ. कारण घर घ्यायला निघालेला माणूस त्यांच्यासमोर बसला की घर घ्यायचं सोडून बाकी सगळ्याचा विचार करायला लागायचा. खरेदीखतात घराच्या चारी बाजूंना काय आहे ते लिहावं लागतं. पूर्वेला अमक्याचं घर, पश्चिमेला वाट, अशी चतुःसीमा. दुसरे लिहिणारे विचारायचे आणि लिहून मोकळे व्हायचे. काका लेखणी खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "पूर्वेच्या घरचं पाणी प्यालात का?"

"पाणी? कशाला?"

"मग आधी जाऊन या. ज्यांच्या ज्यांच्या भिंतीला भिंत लागते त्यांच्याकडं पाणी मागा. कोण तांब्या घासून देतो, कोण दारातूनच हात हलवतो, बघून या. मग लिहू."

माणूस जायचा तो परत यायचाच असं नाही. शेजारच्या चटईवर दुसरे एक लिहिणारे बसायचे, ते वाटेतच त्याला हाक मारून कागद उरकून टाकायचे. आमचे हे कचेरीत कारकून होते, त्यांच्याकडून रोज संध्याकाळी हे किस्से मला कळायचे. काका लोकांची घरं लिहून देतात की मोडून देतात, असं हे म्हणायचे. काकूंना मात्र त्याचं काही वाटायचं नाही. "त्यांनी एकेका घरापायी भावाभावांना कोर्टात म्हातारं झालेलं पाहिलंय," म्हणायच्या. "ते घर बघायला गेले की त्यांना त्यातली भांडणंच आधी दिसतात."

अशा या माणसाचं स्वतःचं घर नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

ते आणि आम्ही एकाच कौलारू घरात भाड्यानं राहायचो. मधे एक भिंत, ओटी दोघांत मिळून. घरमालक कोकणी मुसलमान, कोळशाचा आणि लाकडाचा त्यांचा धंदा. सगळं खालापूर त्यांना चाचा म्हणायचं आणि ते काकांना थट्टेनं वकीलसाहेब म्हणायचे. घर चाचांच्या वडिलांनी बांधलेलं. बांधताना त्यांचं गवंड्याशी बिनसलं आणि गवंडी काम अर्धवट टाकून गेला, असं सांगत. खरं काय ते देव जाणे, पण काकांच्या बाजूची फरशी सगळी एका कोपऱ्याकडं उतरलेली होती. माजघर आणि स्वयंपाकघर मिळून एकच लांब खोली, मधे उंबरा नाही, आणि टोकाच्या कोपऱ्यात जातं. काहीही पडलं की ते घरंगळत जात्यापाशी. बोरं, सुपाऱ्या, बटणं, दोऱ्याची रिळं, सगळं तिथंच. मी एकदा काकांना विचारलं, या घरात कधी लिंबू सोडलंत का? "याला कशाला लिंबू पाहिजे?" म्हणाले. "याची कुंडली मला तोंडपाठ आहे. या वाशाला वाळवी आहे, त्या कोनाड्यात पाणी झिरपतं, मागचं दार श्रावणात फुगतं. अशा घरात माणूस भाड्यानंच राहतो."

लढाईची वर्षं होती. मुंबईवर बाँब पडणार म्हणून तिकडची माणसं बिऱ्हाडं घेऊन कर्जत-खोपोलीकडं येत होती. गोठ्यांनासुद्धा भाडं यायला लागलं होतं. अशात एके दिवशी चाचा ओटीवर येऊन बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"वकीलसाहेब, मी आता पनवेलला जानार हाय, पोराकडं. धंदा आवरतो हाय. ह्ये घर इकायचं हाय. पयलं तुमाला इचारतो. तुमी घेनार तर बोला, नायतर शिमगा झाला की दुसऱ्याला देऊन मोकळा."

काका हसायलाच लागले. "चाचा, ज्या घराच्या खोडी मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक, ते घर मी विकत घेईन?"

"त्ये बी खरं हाय," चाचा म्हणाले आणि तेही हसले. दोघांनी चहा घेतला. मला मात्र हसू येईना, कारण नवा मालक आला की आमचंही बिऱ्हाड हलणार होतं. पण आमचं काय, आम्ही बदलीची माणसं. खरी अडचण कुणाची आहे ते मला दोन दिवसांनी कळलं.

काकू रोज दुपारी सूप घेऊन ओटीवर तांदूळ निवडायला बसायच्या. त्या दिवशी त्यांनी सूप माझ्याकडं सरकवलं. "तू बघ गं. माझ्याकडून खडे राहतात." मी म्हटलं, चष्मा बदला. त्यावर त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, की मुंबईच्या डॉक्टरला दाखवून झालंय, चष्म्याचं काम नाही. आहे ती नजर हळूहळू जाणार, ती परत येणार नाही. किती दिवस पुरेल तेवढी पुरेल.

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. काकूच मला समजावायला लागल्या. "अगं, एवढं काय? मी त्यांना एकच सांगितलंय. जोवर दिसतंय तोवर मला एकदा घरात नेऊन बसवा. कुठलं का असेना. खांब कुठं, चूल कुठं, विहीर किती लांब, सगळं डोळ्यांनी पाहून ठेवते. मग डोळे गेले तरी मी घरात असेन. अनोळखी घरात आंधळी होऊन शिरले, तर मी घरात नसेन गं, नुसती अंधारात असेन."

म्हणजे काकांना आता घर घेणं भागच होतं, आणि तेही लवकर. आणि चुकून चालणार नव्हतं, कारण एकदा काकूंनी घर पाहून ठेवलं की तिथून त्यांना पुन्हा उठवता येणार नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांना थांबा थांबा म्हणणाऱ्या माणसावर ही वेळ यावी, याचं मला तेव्हाही वाईट वाटलं आणि आजही वाटतं.

काकांची झोप उडाली, भूक उडाली. लोकांच्या कागदात हजारांचे आकडे झरझर लिहिणारा हा माणूस, स्वतःच्या घराची किंमत तोंडानं उच्चारताना त्याला घाम फुटायचा. पोस्टात थोडी शिल्लक होती, काकूंच्या पाटल्या होत्या, उरलेले सावकाराकडून काढावे लागणार होते. आता घ्यावं तर लढाई संपल्यावर भाव कोसळतील. थांबावं तर मुंबईची माणसं असलं नसलं घर घेऊन टाकतील. पाटल्या मोडाव्यात तर उद्या औषधपाण्याला काय? कर्ज काढावं तर आपल्यामागं ते फेडायला कोण? जेवताना ते ताटातल्या आमटीत बोट बुडवून कडेला हिशेब मांडायचे. जमला नाही की भात कालवून तो हिशेब खाऊन टाकायचे. काकू पाटल्या काढून त्यांच्यासमोर ठेवायच्या, ते त्या उचलून पुन्हा काकूंच्या हातात घालायचे. असं कितीदा चाललं असेल!

आणि विचारतील तरी किती जणांना! पोस्टमनला विचारलं, न्हाव्याला विचारलं, आमच्या ह्यांना तर कचेरीतून परतताना रोज. एकदा डोंगरावरून मोळी विकायला आलेल्या ठाकरीण बाईलाही ओटीवर बसवून सगळं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "घर कुटं इकत घेत्यात? कारवीचा कूड घालायचा नि ऱ्हायचं." ती गेल्यावर काका मला म्हणाले, "मुली, तिचंच बरोबर असेल, पण मला कूड घालता येत नाही."

घरं बघायला काका निघाले की काकूंचा हात धरायला मी सोबत जायची. खोपोलीला दोन घरं बघून झाली. एकाचं लिंबू दारातून थेट रस्त्यावर गेलं. दुसऱ्याच्या पूर्वेच्या शेजाऱ्यानं पाणी द्यायच्या आधी विचारलं, "का हो, आमच्यावर फिर्याद करणार आहात काय?" मग आम्ही कर्जतला गेलो. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून तेव्हा सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. चढ आला की उतरून चालावं लागायचं, आणि पोचेपर्यंत आमचे चेहरे चाचांच्या वखारीतून निघाल्यासारखे.

कर्जतचं घर एका शेतकरी कुटुंबाचं. घर चांगलं होतं, हवेशीर. मालक पाणी आणायला आत गेला आणि काकांनी नेहमीप्रमाणं लिंबू सोडलं. लिंबू रमतगमत गेलं आणि कोपऱ्यातल्या पाळण्याखाली जाऊन थांबलं. पाळण्यात तान्हं पोर, आणि ते पोर त्या दिवशी तापानं फणफणलेलं. त्याची आजी तिथंच बसली होती. अनोळखी म्हातारा येतो, एक शब्द न बोलता पोराच्या पाळण्याखाली लिंबू सोडतो! ती जी उठली ती कडाडलीच.

"आरं मेल्या, पोराच्या खाली लिंबू सोडतोस? कुनी धाडला तुला? बोल, कुनी धाडला?"

"बाई, मी जमीन बघतोय..."

"जमीन डोल्यांनी बघतात! लिंबानं काय बघतोस रं? आगं बाहेर या गं सगळ्याजनी, ह्यो बघा काय करतोय!"

गल्लीतल्या बाया जमल्या. कुणी झाडू आणला. मी काकूंना पोटाशी धरून भिंतीला लागले. काका पाळण्याखाली वाकून लिंबू काढायला गेले तर म्हातारीनं त्यांची टोपीच ओढली. "हात नको लावू!" काका तसेच बोडक्या डोक्यानं उभे राहिले आणि मला वाटलं आता हे रडणार. पण ते एकदम म्हणाले, "असं करा, मी हात लावत नाही. तुम्हीच उचला, विळीवर चिरा आणि त्याचं सरबत करा. मी तुमच्यासमोर पितो. काही केलं असेल तर मलाच बाधेल."

म्हातारी थबकली. मग खरंच लिंबू चिरलं गेलं. साखर रेशनवर, ती कोण देणार? नुसतं पाणी आणि लिंबाचा रस. काकांनी सगळ्या गल्लीसमोर तो पेला एका दमात संपवला. त्यांचे डोळे घट्ट मिटले, मिशा थरथरल्या. ते बघून एक सून फिस्सकन हसली, मग दुसरी, आणि शेवटी म्हातारीलाही राहवेना. तिनं आतून गुळाचा खडा आणून काकांच्या हातावर ठेवला. "घ्या. तोंड लई वाकडं झालं तुमचं." टोपीही झटकून परत दिली. काकूंनी पोराला द्यायला तिला काढ्याची कृती सांगितली. पण घराचं बोलणं कुणी काढलं नाही. काका-काकू तिथं राहायला गेले असते तर पोराला शिंक आली तरी काकांच्या नावानं ओरड झाली असती.

परतताना काका मोटारीत हसून हसून बेजार झाले. मग टोपीनं डोळे पुसले. "ऐकलंस का," काकूंना म्हणाले, "हेही गेलं."

काकू बाहेर बघत होत्या. "पाळणा चांगला होता," म्हणाल्या. "मला पाळणा दिसला. आतलं पोर नाही दिसलं."

त्यानंतर खालापूर येईपर्यंत काकांनी काकूंचा हात धरून ठेवला होता, मोटारीत, सगळ्यांदेखत. त्या काळी असं कुणी करत नसे.

मग चौकचं घर आलं. मालक निवृत्त गृहस्थ, मुलाकडं नाशिकला चाललेले, फार सरळ आणि मऊ बोलणारे. दगडी जोतं, नवी कौलं, परसात विहीर, चारी शेजाऱ्यांनी तांब्या घासून पाणी दिलेलं. काकांनी माजघरात लिंबू सोडलं. ते जागचं हललं नाही. काकांनी उचलून दुसरीकडं सोडलं. तिथंही नाही. ते त्या लिंबाकडं इतका वेळ बघत राहिले की मालक बिचारे काळजीत पडले. "इतक्या वर्षांत असं घर मी लिहिलं नाही," काका म्हणाले.

निघताना मालकांच्या पत्नीनं काकूंना हळदकुंकू लावून हातात सुपारी दिली. ती काकूंच्या बोटांतून निसटली. काकू खाली बसल्या आणि हातानं चाचपायला लागल्या. आधी इकडं, मग तिकडं, मग पाटाखाली. गुळगुळीत, सपाट, छान फरशी होती ती. सुपारी कुठंही असू शकत होती. त्या घरच्या बाईला काही कळलं नव्हतं, ती हसून म्हणाली, "राहू द्या हो, दुसरी देते." पण काकू शोधतच राहिल्या. शेवटी दाराआडून मी ती काढून त्यांच्या हातात ठेवली. काकांनी ते पाहिलं होतं. पुढच्या आठवड्यात इसार द्यायचं ठरवून आम्ही परत आलो.

इसाराच्या दिवशी चौकचे गृहस्थ आमच्या ओटीवर आले. काकांनी सकाळी दाढी केली होती, इस्त्रीचा कोट घातला होता. काकू आत माजघरात पाहुण्यांसाठी अडकित्त्यानं सुपारी कातरत बसल्या होत्या, दार सताड उघडं, ओटीवरून सगळं दिसत होतं. मी चहाचे पेले घेऊन दारातच उभी होते. काकांनी पावती लिहायला घेतली. घर कुठलं, कसं, चतुःसीमा, विहिरीचा हक्क, सगळं सुरेख अक्षरात उतरलं. मग घेणाऱ्याचं नाव लिहायची जागा आली आणि त्यांचा हात थांबला.

थांबला तो थांबलाच. शाईचा थेंब टाकाच्या टोकाला फुगत गेला. कपाळावरून घाम गळायला लागला. गृहस्थ म्हणाले, "बरं वाटत नाही का? पाणी घ्या." काकांनी टाक बाजूला ठेवला.

"मला जमत नाही हो," काका म्हणाले. "जन्मभर मी लोकांना घरं लिहून दिली. त्यांची चुकली तर ती दुसरं घेतील, असं म्हणत होतो मनात. माझं चुकलं तर मी काय करू? हिला पुन्हा कुठं नेऊ?"

पांढऱ्या मिशांचा माणूस परक्यासमोर डोळे पुसत होता. मला तर पेले ठेवायचंही भान राहिलं नाही.

तेवढ्यात आत अडकित्त्यातून सुपारी सुटली. फरशीवर टण्णकन पडली आणि नेहमीचा घरंगळल्याचा आवाज करत निघाली. काकू उठल्या. भिंत चाचपली नाही, हात पुढं केला नाही. सरळ चालत जात्याच्या कोपऱ्यात गेल्या, वाकल्या, सुपारी उचलली, फुंकर मारली आणि परत येऊन कातरायला बसल्या. एव्हाना त्यांना समोरचा माणूसही नीट दिसत नव्हता.

काका बघत होते. त्यांनी नाक पुसलं आणि तिथूनच हाक दिली.

"ऐकलंस का? चौकच्या घरात तुझी सुपारी पडली, ती कुठं गेली होती?"

"कुणास ठाऊक," काकू म्हणाल्या. "हिनं दिली शोधून."

"आणि आत्ताची?"

"आत्ताची कुठं जाणार? जात्यापाशी." काकूंना प्रश्नच विचित्र वाटला होता. "अहो, पाहुण्यांना चहा दिला का?"

काकांनी दौतीला झाकण लावलं. अर्धी लिहिलेली पावती हळूच घडी करून बाजूला ठेवली आणि चौकच्या गृहस्थांपुढं हात जोडले. "तुमचं घर माझ्या पाहण्यातलं सगळ्यात उत्तम घर आहे. पण ते डोळस माणसाचं घर आहे. मला माफ करा." गृहस्थ खरंच सज्जन. चहा घेतला, सुपारी खाल्ली, आणि रागाचा एक शब्द न बोलता गेले.

काका तसेच वखारीत गेले. पुढचं मला चाचांनी स्वतः सांगितलं, किती दिवस ते गावभर सांगत होते. चाचांनी आधीच किंमत मनात धरली होती. ओळखीचा माणूस, म्हणून म्हणाले, "फरशी उतरती हाय, मला ठावं हाय. त्याचं पैसं मी कमी करतो." तर काका उसळून म्हणाले, "कमी कशाला? मी ती फरशीच घेतोय, घर तिच्याबरोबर येतंय."

"आता ह्याच्याशी कसा सौदा करायचा, सांगा!" चाचा कपाळाला हात लावायचे. "सगली दुनया म्हनते पैसं कमी करा. ह्यो म्हनतो करू नका. शेवटी मीच भांडून कमी केलं."

पाटल्या गेल्या, पोस्टातली शिल्लक गेली, थोडं कर्जही झालं. काकांनी आमटीत हिशेब मांडणं मात्र त्या दिवशी थांबलं. स्वतःचं खरेदीखत लिहायला त्यांचा हात धजेना, म्हणून शेजारच्या चटईवरच्या त्या दुसऱ्या लेखकाला सांगितलं. त्यानंही संधी सोडली नाही. लेखणी खाली ठेवून गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "चारी बाजूंचं पाणी प्यालात का?" काका हसले नाहीत. उठले, घरी आले, टोपी घालून चारी शेजाऱ्यांकडं जाऊन आले आणि शेवटी आमच्या दारात उभे राहिले. एका घरात राहणारी माणसं आम्ही! मी तांब्या घासला, अगदी राख लावून घासला, आणि पाणी दिलं. ते उभ्यानंच पाणी प्याले आणि म्हणाले, "आता लिहायला हरकत नाही."

दस्त झाल्यावर त्यांनी तो काकूंना वाचून दाखवला. शेवटी सूर्यचंद्र असेतो या घराचा सुखानं उपभोग घ्यावा, असं काहीतरी जुनं वाक्य असतं. काकू म्हणाल्या, "सूर्यचंद्र राहू देत तुमच्याकडं. मला जातं पुरे."

पुढच्याच वर्षी काकूंची नजर पुरती गेली. आणि तरी त्या घरात नवखा माणूस आला तर त्याला ते कळायचं नाही. दूध उतू जायच्या आधी उतरवायच्या, फुगलेल्या मागच्या दाराला बरोबर तिथंच खांदा द्यायच्या. कोनाड्यातल्या ओलीवरून हात फिरवून पाऊस किती झाला ते सांगायच्या. काका आता आमचेही मालक झाले होते. आमच्या बाजूच्या वाशांची वाळवी त्यांनी काढून दिली, भाडं वाढवलं नाही. पण एकदा एक गवंडी ओटीवर बसून म्हणाला की त्यांच्या बाजूची फरशी सरळ करून देतो, तर त्याला त्यांनी चहाही न देता वाटेला लावलं.

हळूहळू काकांनी कचेरी सोडली. तेव्हा त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. ओटीवर उजेड, वारा, येणाऱ्याजाणाऱ्यांशी गप्पा, असं सगळं असताना आपली बैठक उचलून आत जात्याच्या कोपऱ्यात नेली. तिथं अंधार, चुलीचा धूर. दिवसभर तिथं पाट टाकून बसायचे. काकूंच्या हातून काही पडलं की ते घरंगळत येऊन त्यांच्या गुडघ्याला टेकायचं. आणि हा माणूस ते उचलून द्यायचा नाही! नुसता बसून राहायचा. एकदा मी समोर होते. दोऱ्याचं रीळ त्यांच्या पायाशी येऊन थांबलं, काकू उठून येत होत्या, आणि काका ढिम्म. मी चिडून बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. काकू आल्या, खाली बसल्या. हाताला आधी रीळ लागलं, मग गुडघा.

"तुम्हीही इथंच का?" काकू म्हणाल्या.

"मीही घरंगळत आलो," काका म्हणाले.

रोजचंच असावं ते. काकूंनी गुडघ्यावर हात ठेवला, थोडं हसल्या, आणि त्यांच्याच गुडघ्याचा आधार घेऊन उठल्या.

ह्यांची अलिबागला बदली झाली आणि आम्ही ते घर सोडलं. लढाई संपली, स्वराज्य आलं. त्यानंतरच्या एका हिवाळ्यात काकू तापाचं निमित्त होऊन गेल्या. पत्र आलं तेव्हा मला निघता आलं नाही. महिन्याभरानं गेले. दुपारची वेळ होती. ओटी रिकामी, आमची बाजूही रिकामीच होती. काका आत जात्यापाशी पाटावर बसले होते. कोट अंगात होता, पण दोन्ही खिसे सारखे दिसत होते. मला बघून म्हणाले, "ये. बस." मी म्हटलं, काका, बाहेर उजेडात बसत जा. त्यांनी मान हलवली.

मी अलिबागहून त्यांच्यासाठी आमच्या झाडाची लिंबं नेली होती. माजघरात बसून पिशवी सोडली तर त्यातलं एक निसटलं आणि घरंगळत निघालं. आम्ही दोघंही त्याच्याकडं बघत राहिलो. ते जाऊन काकांच्या गुडघ्याला टेकलं. मी उचलायला उठले, तशी काकांनी पटकन ओठांवर बोट ठेवलं आणि खोलीच्या त्या टोकाकडं, चुलीकडं बघितलं.

थोडा वेळ गेला. मग ते बोट हळूहळू खाली आलं.

"उचल," ते म्हणाले. "आता तूच उचल गं."